अकोल्याचा नवा बाह्यमार्ग आणि मोर्णेवरील पूल

अकोल्याच्या जुन्या शहराकडून वाशीमच्या रस्त्यास जो चौक लागतो, त्यास लोक 'वाशीम बायपास' म्हणतात. हें नांव ज्यांनीं प्रथम घेतलें त्यांच्या मनांत असेंच असलें पाहिजे कीं, ही जागा गांवाबाहेरची आहे, आणि परगांवच्या गाड्यांनीं गांवास न शिवतां येथूनच परभारें निघून जावें. आज त्या चौकांत उभें राहून गांव कोठें संपतें हें कोणीं दाखवूं म्हटलें, तर तें दाखवितां यावयाचें नाहीं. दुकानें आलीं, घरें आलीं, रिक्षांचे थांबे आले, आणि बायपास हा शब्द सेवानिवृत्त अंमलदाराच्या हुद्द्याप्रमाणें नांवापुरता उरला. अकोल्यास नवा बाह्यमार्ग हवा व मोर्णा नदीवर नवा पूल हवा, असें जें आज आम्ही लिहिणार आहों, तें ह्या चौकाचा विसर पडूं न देतां लिहिणार आहों. रस्ता बांधणें कठीण खरें. पण बांधलेला बाह्यमार्ग बाह्य राखणें हें त्याहून कठीण, आणि आमच्याकडे मागणी होते ती बहुधा पहिल्या गोष्टीचीच.

प्रथम शहराची ठेवण लक्षांत घ्यावी. मोर्णा दक्षिणेकडून येऊन उत्तरेस पूर्णेकडे जाते आणि जातां जातां शहराचे दोन भाग करते. पश्चिम तीरावर असदगडचा किल्ला व जुनें शहर. पूर्व तीरावर ताजनापेठ, बाजार, कचेऱ्या व पुढें रेल्वेस्टेशन. नदीनें गांव उभें चिरलें, तर रेल्वेनें आडवें. भुसावळाहून निघालेला लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, तेव्हांपासून शहराची उत्तर बाजू रुळांनीं अडली आहे. रुळांपलीकडे अकोट फैल, आणि तेथून अकोटचा रस्ता. ह्या उभ्या-आडव्या छेदांवर अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, पातूर-वाशीम व बाळापूर अशा सहा दिशांचे रस्ते येऊन मिळतात. सुरतेकडून कलकत्त्याच्या दिशेनें जाणारा, पूर्वीं ६ क्रमांकाचा व २०१० सालच्या फेरक्रमांकांत ५३ क्रमांकाचा झालेला राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो. वाशीम, हिंगोली, नांदेडवरून तेलंगणांत उतरणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग येथेंच सुरू होतो. २०११ च्या शिरगणतींत शहराची लोकसंख्या सव्वाचार लाख भरली होती. पुढें २०१६ सालीं हद्दवाढ होऊन भोंवतालचीं गांवेंही महानगरपालिकेंत आलीं. माणसें वाढलीं, वाहनें त्यांहून अधिक वाढलीं. नदी व रूळ ओलांडण्याच्या वाटा मात्र मोजक्याच राहिल्या.

ह्याचा परिणाम काय होतो तो बाजारपेठेंत बसणाऱ्यास सांगण्याची गरज नाहीं. अकोट-तेल्हाऱ्याकडची तूर शिवणीच्या औद्योगिक वसाहतींतल्या दालमिलांकडे जावयाची असो, कापसाच्या गांठी नांदेडाकडे जावयाच्या असोत, कीं केळीं-संत्रीं हैदराबादेकडे जावयाचीं असोत. ह्या मालास अकोल्यांत ना विकावयाचें असतें ना उतरावयाचें, तरी त्यास रूळ ओलांडून, गांवांत शिरून, गांवांतूनच बाहेर पडावें लागतें. गायगांवच्या डेपोंतून इंधन भरून पूर्वेस वा दक्षिणेस निघालेल्या टँकरांसही शहराचा शेजार टाळतां येत नाहीं. शाळा सुटण्याच्या वेळीं सायकलीवरचीं मुलें व सोळा चाकांचा ट्रक एकाच वळणावर समोरासमोर येतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे, सर्वोपचार रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका ह्याच गर्दींत शिट्टी वाजवीत उभी राहते. ज्या बाईस अकोटाहून बाळंतपणासाठीं आणलें जातें, तिच्या वेणा ट्रकांच्या सोयीनें थांबत नाहींत. माल एक तास उशिरा पोंचल्यास व्यापाऱ्याचें नुकसान होतें तें पैशानें भरून निघतें. हें नुकसान कशानेंच भरून निघत नाहीं.

मे २०२२ मध्यें शहरांतला मोठा उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. त्याच्या उपयोगाविषयीं आम्ही कुरकुर करणार नाहीं. चौकाचौकांवर होणारा खोळंबा त्यानें कांहीं अंशीं खचित कमी केला. पण उड्डाणपूल गर्दीस माडीवर चढवितो, गांवाबाहेर नेत नाहीं. पुलावरून झपाट्यानें गेलेली गाडी पुलाखालीं उतरतां क्षणींच पुन्हां त्याच गर्दीची वांटेकरी होते. जिच्या चाकांस शहरांत कामच नाहीं, तिला शहराच्या डोक्यावरून नेण्यापेक्षां शहराच्या पाठीमागून नेणें स्वस्तही पडतें व शहाणपणाचेंही ठरतें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, आहेत तेवढ्या पुलांवर आजवर निभावलेंच कीं नाहीं? निभावलें खरें, पण कसें निभावतें ह्याचा पडताळा अकोल्यास ऑक्टोबर २०२२ मध्यें आला. अकोला-अकोट रस्त्यावर गांधीग्रामजवळ पूर्णेवर इंग्रजी अमदानींतला पूल होता. त्यास तडे गेल्याचें आढळलें आणि वाहतूक एकाएकीं बंद करावी लागली. सुमारें ४५ किलोमीटरांचा सरळ रस्ता सोडून लोकांस गायगांव-निंबा फाट्याच्या नाहींतर म्हैसांग-दर्यापुराच्या अंगानें वळसे घालावे लागले. ऐन दिवाळीचे दिवस, कापूस-सोयाबीन बाजारांत येण्याची वेळ, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाशीं अर्धा जिल्हा जोडणारी एकच दोरी तुटलेली! नोव्हेंबर २०२२ मध्यें अकोट-अकोला रुंद रुळांवर गाडी सुरू झाली म्हणून प्रवाशांची कांहीं तरी सोय झाली. मालाची झाली नाहीं. अमरावतीकरांसही असाच अनुभव आला. राजकमल चौकाजवळचा रेल्वेवरील जुना पूल धोकादायक ठरून ऑगस्ट २०२५ मध्यें बंद केला गेला, त्याबरोबर शहराच्या दोन भागांतलें रोजचें जाणेंयेणें विसकटलें. पूल म्हातारा होतो हें कांहीं गुपित नाहीं. जुना पूल दुरुस्तीसाठीं बंद करावयाचा म्हटला तरी दुसरा उभा असावा लागतो. तो नसल्यामुळेंच पुष्कळ पूल मोडेपर्यंत वापरले जातात.

आमची सूचना अशी आहे. अकोट फैलाच्या पलीकडे अकोटच्या रस्त्यापासून आरंभ करून पश्चिमेकडे वळणारा, शहराच्या उत्तरेस मोर्णा नव्या पुलावरून ओलांडणारा, गायगांवच्या बाजूस रेल्वे वरून ओलांडणारा आणि पुढें बाळापूरच्या बाजूस महामार्गास मिळणारा चौपदरी रस्ता आंखावा. हा पहिला टप्पा. अकोटच्याच रस्त्यावरून पूर्वेस निघून दर्यापूरचा रस्ता घेत शिवणीच्या पुढें मूर्तिजापूरच्या अंगास महामार्गास मिळणारा दुसरा टप्पा मागाहून व्हावा, पण त्याची आंखणी मात्र पहिल्याबरोबरच व्हावी. ह्यांत नदीवरचा एक पूल व रेल्वेवरचे पूल हीच खर्चाची मुख्य बाब. मधली जमीन बहुतेक सपाट काळी आहे.

आतां व्यापारी बंधूंच्या मनांत जी शंका आहे, आणि जी ते सभेंत बोलत नसले तरी गादीवर बसून बोलतात, तिच्याकडे वळूं. ती शंका अशी कीं, रस्ता बाहेरून गेला म्हणजे गिऱ्हाईकही बाहेरून जाईल, आणि पेठ ओस पडेल. शंका स्वाभाविक आहे. परंतु वऱ्हाडास ह्या बाबतींत परप्रांतीयांचा दाखला शोधण्याची जरूर नाहीं; तो अमरावतीनें दीडशें वर्षांपूर्वींच दिला आहे. अमरावती ही कापसाची नामांकित पेठ. तेथल्या सावकारांचें पेंढाऱ्यांपासून रक्षण व्हावें म्हणून १८०७ सालीं निजामाच्या अमदानींत शहराभोंवतीं परकोट बांधण्यास आरंभ झाला. त्याचा घेर सव्वादोन मैल, त्यास पांच दरवाजे व चार खिडक्या. आगगाडीपूर्वीं ह्या भागांतला कापूस बैलांच्या पाठीवरून पांचशें मैलांवरील मिर्झापुरास गंगेपर्यंत जात असे, आणि १८४२ सालीं एकट्या एका व्यापाऱ्यानें त्या वाटेनें एक लाख बैलांचें ओझें कलकत्त्याकडे पाठविल्याचें जुन्या गॅझेटिअरांत नमूद आहे. पुढें लोहमार्ग आला, पण तो अमरावतीस आलाच नाहीं! तो सहा मैलांवरच्या बडनेऱ्यावरून निघून गेला. त्या काळचा हा बायपासच म्हणावयाचा. आणि तोही असा कीं, ज्यावरून उतरून पेठेंत येण्यास प्रथम बैलगाडीच करावी लागे. खामगांवचीही तीच गत झाली. मुख्य मार्ग जलंबावरून गेला.

मग अमरावती ओस पडली काय? खामगांव बुडालें काय? उलट १८७० च्या सुमारास सरकारासच बडनेरा ते अमरावती व जलंब ते खामगांव असे आंखूड फांटे बांधून ह्या पेठांच्या दारांत गाडी आणावी लागली. माल पेठेस जातो तो रस्ता पेठेंतून जातो म्हणून नव्हे. तेथें वजन खरें होतें, पैसा रोख मिळतो, हुंडी पटते, मालाची पारख करणारा माणूस बसलेला असतो, म्हणून जातो. ज्या गाडीवाल्यास अकोल्यांत माल विकावयाचा आहे तो बाह्यमार्ग असला तरी आंत येईल. ज्यास विकावयाचा नाहीं तो आज आंतून जातो तेव्हांही कोणाच्या दुकानीं चढत नाहीं, उलट दुकानासमोर कोंडी करून खरें गिऱ्हाईक घालवितो. चारचाकी लावण्यास जागा नाहीं म्हणून गांवांतला माणूस गांवांतल्या दुकानाकडे पाठ फिरवूं लागला आहे. त्याचा दोष जो बायपास अजून झालाच नाहीं त्यास कसा द्यावा?

तथापि कोणाचेंच नुकसान होणार नाहीं असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, ट्रकांचे मिस्त्री, रात्रीं उघड्या असणाऱ्या खाणावळी ह्यांचें पोट जातां-येतां थांबणाऱ्या गाड्यांवर आहे आणि बाह्यमार्ग झाल्यावर त्यांपैकीं पुष्कळांची कमाई खरोखर घटेल. हीं माणसें सभेंत बोलत नाहींत, वर्तमानपत्रास पत्रें लिहीत नाहींत, म्हणून त्यांस विसरावें असें नाहीं. नव्या मार्गावर ट्रक उभे करण्याचा तळ आंखावा, तेथें पाणी, संडास व दिवे असावेत, आणि तेथल्या गाळ्यांवर पहिला हक्क ह्या उठलेल्या लोकांचा असावा. तो लिलावांत ज्याच्या थैलींत पैसा अधिक त्याच्या घशांत जाऊं नये.

येथवर जें लिहिलें तें पुष्कळांस मान्य होईल. ह्यापुढचें होईल कीं नाहीं ह्याची आम्हांस शंका आहे. कारण तें बोलकें कमी व अडचणीचें अधिक आहे. बाह्यमार्गाची घोषणा होतांच त्याच्या दोहों अंगांची जमीन कोण विकत घेतो? शेतकरी घेत नाहीं, तो विकतो. घेणारे शहरांतलेच, आणि पुष्कळदां बाह्यमार्गाच्या मागणीअर्जावर ज्यांच्या सह्या पहिल्या असतात तेच. वर्षा-दोन वर्षांत तेथें मंगल कार्यालय उभें राहतें, मग पेट्रोलपंप, मग वाहनांची दालनें, मग 'महामार्गास लागून' अशी जाहिरात देणारें ले-आऊट. प्रत्येकाचें तोंड थेट रस्त्यावर उघडतें, आणि प्रत्येक तोंडापाशीं गाड्यांचा वेग मंदावतो, कोणी उलट्या दिशेनें येतो, कोणी दुभाजक फोडतो. वाशीम बायपासाचा चौक असाच जन्मला. पुण्यास कात्रज ते देहूरोड हा बाह्यमार्ग गांवाबाहेरूनच काढला होता. आज वारजें, बावधन, बाणेर हें पुणेंच आहे, आणि नवले पुलाजवळच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्यें एका रात्रींत चाळीसांहून अधिक वाहनें एकमेकांवर आदळलीं. ह्या दोषाचा मक्ता हिंदुस्थानाकडेच आहे असेंही नाहीं. लंडनजवळच्या किंग्स्टन गांवाचा बायपास १९२७ सालीं मुख्य प्रधान बाल्डविन ह्यांच्या हस्तें उघडला गेला, आणि थोडक्याच वर्षांत त्याच्या दुतर्फा घरांच्या ओळी लागल्या. इंग्रजांनीं त्यावरून धडा घेऊन १९३५ सालीं रस्त्याकांठच्या अशा फितीसारख्या वस्तीस आळा घालणारा कायदा केला.

आमच्याकडे कायदा नाहीं असेंही कोणीं म्हणूं नये. १९५५ च्या मुंबई महामार्ग अधिनियमांत, जो पुढें महाराष्ट्राचा झाला, महामार्गाची हद्द, इमारतरेषा व नियंत्रणरेषा ठरविण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या जमिनीवर व त्यांस जोडणाऱ्या वाटांवर नियंत्रण ठेवण्यासाठीं २००२ चा केंद्राचा स्वतंत्र कायदा आहे. कायद्याची शाई वाळून कित्येक वर्षें झालीं. प्रश्न असा कीं, रेषा कोण ओढणार व ओढलेली कोण राखणार? आमची मागणी म्हणून दुहेरी आहे. रस्ता हवा, आणि त्याबरोबरच त्याच्या दोन्ही अंगांस ठराविक अंतरापर्यंत थेट तोंड उघडण्यास मनाई हवी. जोडरस्ता फक्त अकोट, दर्यापूर, गायगांव अशा मोठ्या रस्त्यांच्या छेदांवर मिळावा. मधल्या वस्तीस मागच्या सेवामार्गानें फिरून यावें लागावें. ज्यांस ही अट नको त्यांनीं बाह्यमार्गही मागूं नये. त्यांस हवा आहे तो बाह्यमार्ग नव्हे, सरकारी खर्चानें बांधलेली नवी पेठ आहे, आणि तशी पेठ हवी असल्यास तसें उघड सांगावें.

जमिनीचा प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूनेंही पाहिला पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें बाजारभावाशिवाय तितकीच रक्कम दिलाशादाखल देण्याची सोय केली, त्यामुळें पूर्वींइतकी लुबाडणूक आतां होत नाहीं. तरी ज्याच्या सात एकरांतून रस्ता तिरका जातो त्याच्याकडे दोन बाजूंस दोन तुकडे उरतात, एकीकडे विहीर राहते व दुसरीकडे वावर. बैल, ट्रॅक्टर, फवाऱ्याची नळी नेण्यास वाट राहत नाहीं. मोबदल्याच्या कागदावर ह्या त्रासाची रक्कम कोठेंच लिहिलेली नसते. अहमदाबादेभोंवतीं ७६ किलोमीटरांचा सरदार पटेल वळणरस्ता झाला, तेव्हां तेथें नगररचना योजनांचा उपयोग केला गेला. अशा योजनेंत सर्वांच्या जमिनी एकत्र धरून रस्त्यापुरता भाग काढून घेतात आणि उरलेल्याचे चौकोनी, वाटा असलेले तुकडे पाडून मूळ धन्यांस परत देतात. जमीन थोडी कमी होते, पण कोणी एकटा नागवला जात नाहीं व कोणी एकटा गबर होत नाहीं. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यांत ही पद्धत आहेच. गांवालगतच्या पट्ट्यांत ती वापरावी. लांबच्या कोरडवाहू पट्ट्यांत थेट खरेदी करावी.

पुलाविषयीं एक गोष्ट आम्हांस फारच आग्रहानें सांगावीशी वाटते. आम्ही सुचविलेली जागा शहराच्या उत्तरेस, म्हणजे नदीच्या वाहत्या अंगास आहे. तेथें पूल आंखूड ठेवून दोन्ही बाजूंस उंच भराव घातला, तर खर्च कमी होतो हें खरें; पण पुराच्या दिवशीं तोच भराव बांधासारखा आडवा होतो आणि तुंबलेलें पाणी मागें सरकून शहराच्या सखल वस्त्यांत शिरतें. जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत मोर्णेनें कांठच्या लोकांचे काय हाल केले हें ज्यांच्या घरांत पाणी शिरलें त्यांस विचारावें. म्हणून शंभर वर्षांत एकदां येणाऱ्या पुराचा हिशेब धरून गाळे मोकळे सोडावेत, भरावांतही जागोजाग मोऱ्या असाव्यात, आणि पाण्याची पातळी किती वाढेल ह्याचा नकाशा जुन्या शहरांतील लोकांपुढें मराठींत मांडावा. खालच्या बाजूस पूल बांधून वरच्या बाजूची वस्ती बुडविली, तर ती सुधारणा कसली? काळ्या मातीचेंही तसेंच. ती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावर घाईनें टाकलेला रस्ता तिसऱ्या वर्षीं लाटांसारखा होतो. मातीचा वरचा थर काढून मुरूम घालणें, चुन्यानें ती बांधून घेणें, हे उपाय अभियंत्यांस माहीत आहेत. भरावासाठीं पारसच्या वीजकेंद्रांतली राख हाकेच्या अंतरावर आहे, आणि अशा कामीं ती वापरावी असा केंद्र सरकारचा दंडकही आहे.

वेगाविषयीं आमच्या कंत्राटदारांस कोणी शिकविण्याची जरूर नाहीं. जून २०२२ मध्यें ह्याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ह्या भागांत ७५ किलोमीटर लांबीच्या एका पदराचें डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन त्याची जगाच्या विक्रमांच्या पुस्तकांत नोंद झाली. त्यापूर्वीं हाच महामार्ग कित्येक वर्षें अर्धवट खणलेल्या स्थितींत पडून होता, ही नोंद कोणत्याही पुस्तकांत झाली नाहीं. अमरावतींत चित्रा चौक ते नागपुरी गेट हा उड्डाणपूल २०१८ च्या सुमारास हातीं घेतला, तो वर्षानुवर्षें रेंगाळला. खालच्या दुकानदारांचा धंदा बसला, रस्ता धड वरही नाहीं व खालींही नाहीं अशी अवस्था झाली. तेव्हां डांबर पसरण्याचा वेग हा आमचा कमकुवत भाग नव्हे. जागा मोकळी करून घेणें, जलवाहिन्या व विजेच्या तारा आधीं हलविणें, रेल्वेखात्याच्या परवानगीचा कागद वेळेवर मिळविणें, हा आहे. म्हणून नव्या कामांत ह्या तीन गोष्टी पुऱ्या झाल्याशिवाय पहिली कुदळ पडूं देऊं नये.

आणि बाह्यमार्ग झाला तरी गांधी रोडवरची गर्दी एकदम नाहींशी होईल, अशी समजूत कोणीं करून घेऊं नये. तेथली बहुतेक गर्दी आमची स्वतःची आहे. दुकानाच्या ओट्यापुढें पत्रा, पत्र्यापुढें फलक, फलकापुढें दुकानदाराची स्वतःची दुचाकी, तिच्यापुढें हातगाडी, आणि मग पायीं चालणाऱ्याचा रस्ता! हातगाडीवाल्यास पोलीस उठवितात. पत्र्यास कोणी हात लावीत नाहीं. सुधारणेची सुरुवात पत्र्यापासून केली तर हातगाडीवाल्यास समजूत घालणें सोपें जाईल. माल चढविण्या-उतरविण्याची वेळ रात्रीं दहा ते सकाळीं आठ एवढीच ठेवण्याचें व्यापाऱ्यांनीं आपसांत ठरविलें, तर त्यास ना निधी लागतो ना निविदा.

रस्त्यांचा लांब पल्ल्याचा विचार ही आमच्या भागास नवी गोष्ट नाहीं. १९२७ सालीं नेमलेल्या रस्तेविषयक कमिटीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, आणि साऱ्या देशाच्या रस्त्यांची वीस वर्षांची पहिली योजना १९४३ सालीं अभियंत्यांनीं नागपुरासच बसून आंखली. त्या मानानें एका शहराच्या वळणाची आंखणी लहानशी बाब आहे. तींत पहिलें काम मोजणीचें. कापूस व तूर बाजारांत येऊं लागल्यावर, पावसाळ्यांत नव्हे, सहाही रस्त्यांच्या नाक्यांवर लागोपाठ सात दिवस व सात रात्रीं येणारी प्रत्येक गाडी मोजावी, आणि ती कोठून आली, कोठें जाणार, अकोल्यांत तिला काम आहे कीं नाहीं, एवढें विचारून लिहून घ्यावें. महानगरपालिका व बांधकामखातें ह्यांनीं हें करावें. महाविद्यालयांतले विद्यार्थी त्यास आनंदानें मदत करतील, आणि व्यापारी मंडळांनीं आपापल्या वाहतूकदारांकडून आंकडे ताडून पाहावेत. ते आंकडे वर्तमानपत्रांतून जसेच्या तसे छापले जावेत. मग रेघ कोठून ओढावयाची हें कोणाच्या शेताकडे वा कोणाच्या ले-आऊटकडे न पाहतां ठरवितां येईल, आणि ती ओढली जाईल त्याच दिवशीं इमारतरेषेचें राजपत्र निघालें पाहिजे. रस्त्याचें भूमिपूजन मागाहून सवडीनें झालें तरी चालेल.